पिठावरचं पाऊल

१७ नोव्हेंबर, गाव

बायको, पूर्णिमा, म्हणाली, "बोलत नाही तर लिहा तरी." म्हणून शाळेच्या टाचणवहीच्या मागच्या बाजूने सुरुवात करतो आहे. पुढच्या बाजूला नववीचे गतीचे नियम आहेत. ते दोन आठवडे जागच्या जागी थांबतील.

आप्पा काल सकाळी गेले. गुंजी स्टेशनापासून दोन मैलांवर आमचं घर. भाताची कापणी अर्धी झालेली, अर्धी उभी. माजघरात बसून त्यांनी चहा मागितला, आणि मंगल, माझ्या धाकट्या भावाची, युवराजची, बायको, कप घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकून निवांत झाले होते. वय अठ्ठ्याहत्तर. युवराजचा फोन आला तेव्हा मी बेळगावात दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो आणि दिवसभर कुणीही मला ते सांगितलं नाही.

अग्नी युवराजने दिला. थोरला मी, पण मी हे विधी मानत नाही हे सगळ्या भावकीला वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी एकजण म्हणालाच, "मास्तर, आजच्या दिवस तरी." मी म्हणालो, माझ्या तत्त्वाला सुट्टीचा दिवस नसतो. युवराजने मडकं खांद्यावर घेतलं आणि मी गर्दीच्या मागे उभा राहिलो. आप्पा स्वतःच म्हणायचे, "मेल्यावर माती. कोण पेटीवतंय तेला काय किंमत?" तेव्हा त्यांना वाईट वाटण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ते आता नाहीतच, म्हणजे वाईट वाटायलाही कुणी उरलेलं नाही. साधा तर्क आहे.

हा माणूस मला कधी नीट कळला नाही. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात दिवा लावला, पावसापाण्यात, तापात, युवराजच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. देव आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण मेल्यावर पुढे काही आहे असं कुणी म्हणालं की हसायचे. माझा आजवरचा समज असा, की देव म्हणजे पोस्ट ऑफिस आणि परलोक म्हणजे तिथून येणारं पत्र. ऑफिसच नसेल तर पत्र येणार कुठून? मी दोन्ही एकाच दिवशी सोडलं, एकविसाव्या वर्षी. आप्पांनी मात्र ऑफिस रोज संध्याकाळी उघडलं आणि पत्राची वाट कधी बघितली नाही.

१८ नोव्हेंबर, गाव

आज एक गोष्ट केली. लिहून ठेवतो.

आमच्याकडे माणूस जिथे गेला ती जागा सारवून तिथे तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. तिसऱ्या दिवशी पुरुष मंडळी राख सावडून आली की बुट्टी उचलायची. पिठात चिमणीच्या पायासारखं काही दिसलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, खूर दिसला तर गुराच्या. मी शाळाशाळांतून यावर व्याख्यानं देत आलो आहे. मुंगी, झुरळ, पाल, वारा. मुलं हसतात.

काल आईने पीठ पसरलं तेव्हा मला म्हणाली, "कायच उमटलं न्हाय तर रं, मादेवा? तेनी म्हणायचे तसंच असलं तर?" मी म्हणालो, उद्या बघू.

आज सकाळी सगळे स्मशानात गेले. मी गेलो नाही. बायका स्वयंपाकघरात होत्या. मी माजघरात गेलो आणि बुट्टी उचलली. का उचलली ते आत्ताही नीट सांगता येत नाही, तपासणी म्हणू. पीठ सपाट होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. इतकं सपाट, की मला राग आला. एवढी वर्षं या घरात वावरलेला माणूस, जाताना इतकीशी खूण करायला काय झालं होतं?

गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. मूठ वळून तिच्या कडेचा ठसा द्यायचा आणि वर बोटाने पाच ठिपके. घरात मुलगी नव्हती, म्हणून लहानपणी आईने ते काम मला शिकवलं होतं. हाताला सवय असते. मूठ टेकली, ठिपके दिले, बुट्टी पुन्हा पालथी घातली. दहा सेकंदांचं काम. आईसाठी केलं.

मंडळी परत आली. युवराजने बुट्टी उचलली आणि सगळे वाकले. "तान्ह्या पोराचं पाऊल!" कुणीतरी म्हणालं. मग एकेकाची नजर मंगलकडे वळली. मंगलला सातवा महिना आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलंय.

हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मुठीने पाऊल काढलं की ते तान्ह्याचंच होतं, मोठ्या माणसाचं पाऊल मुठीत मावत नाही.

आई पिठाजवळ बसली. बोटाने कडेकडेने चाचपलं आणि म्हणाली, "आले परत." मग उठून तीन दिवसांत पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२९ नोव्हेंबर, बेळगाव

तेरावं उरकून काल परत आलो. शाळा सुरू. गतीचे नियम पुढे सरकले.

आईचं वागणं अनपेक्षित आहे. आप्पांमागे देवळातला दिवा ती लावेल असं सगळ्यांनी धरलं होतं. सुतक फिटलं तरी तिने देवळाचं तोंड पाहिलेलं नाही. पन्नास वर्षांचा सोमवार मोडला. युवराजला म्हणते, तू जाऊन ये, नायतर ऱ्हाऊ दे. मी आज फोनवर विचारलं तर म्हणाली, "देवाकडं आता काय मागायचं रं? जे मागायचं ते घराकडं निघालंय."

वीस वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही ते माझ्या एका मुठीने झालं. आईचा देव सुटला. सुटला तो असा, की पुनर्जन्म पक्का झाला म्हणून देवाची गरज उरली नाही. ऑफिस बंद, पत्र चालू. हे माझ्या कुठल्याच व्याख्यानात बसत नाही.

शेवटी पूर्णिमाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. आधी लाटणं बाजूला ठेवून खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले. "म्हणजे तुम्ही आप्पांना मंगलच्या पोटात घातलंत," ती म्हणाली.

८ डिसेंबर, बेळगाव

रविवार म्हणून दोघंही गावी जाऊन आलो.

मंगलला आई नाही, माहेरी करायला कुणी नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी. आई तिची काळजी घेते आहे, पण काळजी मंगलची चालली आहे असं म्हणवत नाही. तिला आप्पांच्या पितळी ताटात वाढतात. आप्पांना आवडायची म्हणून रोज वालाची उसळ. मंगलला वालाने पोटात धरतं, पण सांगायची सोय नाही. ती बसली असेल तिथे कुणी मोठ्याने बोललं की आई हात वर करते, "हळू. तेना आवाज खपत न्हाय." आणि युवराज तर बायकोशी बोलता बोलता मधेच 'तुमी' म्हणतो आणि लाजून गोठ्याकडे जातो. मला हसू येत होतं. मी हसलोही.

दुपारी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी मंगलने पूर्णिमाचा हात धरला. हे पूर्णिमाने मला परतीच्या गाडीत सांगितलं. "आक्का, माझं मूल माझंच हाय न्हवं?" असं विचारलं तिने. "सहा वर्सं मी वाट बघितली ती माझ्या बाळाची. मामंजी लई चांगले हुते. कवा वाकडा शब्द बोलले न्हाईत. पण मला ते पोटात नगंत." झोप लागत नाही म्हणाली. पोटात हालचाल झाली की पूर्वी हात ठेवायची, आता डोक्यावरचा पदर सारखा करते.

"आईंना सांगून टाका," पूर्णिमा म्हणाली.

मी म्हणालो, बाळंतपण होऊ दे. आत्ता सांगितलं तर आई कोसळेल.

"आणि मंगल?"

खानापूर स्टेशन आलं, चहावाला आला. मी दोन कप घेतले. पूर्णिमाने तिचा खिडकीत ठेवला आणि बेळगावपर्यंत प्यायली नाही.

१५ डिसेंबर, निपाणी

विडी कामगार बायकांच्या मंडळाने व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय दोन महिन्यांपूर्वी ठरलेला, 'मृत्यूनंतरच्या समजुती'. रद्द करता आलं असतं. केलं नाही, कारण माझे विचार बदललेले नाहीत.

वखारीशेजारच्या हॉलमध्ये साठ-सत्तर बायका. बऱ्याचजणींच्या मांडीवर सूप, हात चाललेले. तंबाखूच्या वासाने मला दोनदा शिंका आल्या, त्या हसल्या. मी ताटात पीठ पसरून बाटलीतली मुंगी सोडली. तिने माझी लाज राखली, छान नक्षी काढली. टाळ्या पडल्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिल्या रांगेतली एकजण बसल्या जागेवरून बोलली. इंदुताई म्हणून हाक मारत होत्या तिला. साठीची असेल. हातातली विडी वळायची थांबली नाही.

"सर, देवाचं तुमचं मला पटतंय. मी बी कवाच सोडलाय तेला. माझी पोरगी एकोनीस वर्साची तापानं गेली, तवापास्नं देव्हाऱ्यात डबं ठेवलंय मी. पण पोरगी कुठं हाय ते सांगा."

मी म्हणालो, ताई, देव मानत नाही तर मग परलोक कुठून आणायचा? आणि ते पोस्ट ऑफिसचं उदाहरण दिलं. नेहमी चालतं ते.

तिने दोरा बांधला, विडी सुपात टाकली. "पोष्ट न्हाय म्हणून पत्र लिवायचं सोडायचं व्हय? देव असंना, नसंना. मला तेचं काय पडलं न्हाय. पोरगी असाय पायजे."

रागाने बोलली नाही. मी 'छान प्रश्न आहे' असं म्हणालो. शाळेत उत्तर येत नसलं की मी हेच म्हणतो. तिने पुढचं पान घेतलं.

१६ डिसेंबर

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात फळ्यावर चार खाने आखले. देव आहे आणि पुढचंही आहे, त्यात अख्खा गाव. देव आहे, पुढे काही नाही: आप्पा. देव नाही, पण पुढचं आहे, त्यात इंदुताई, आणि अलीकडे आईलाही तिथेच लिहावं लागलं. दोन्ही नाही: मी. म्हणजे एकाच्या आधाराने दुसरं उभं आहे असं दिसत नाही. वीस वर्षं मी चुकीचं शिकवत होतो की काय? मुलं यायच्या आत पुसलं. माझं नाव पुसायला वेळ लागला, खडू फार दाबून लिहिलं होतं.

२५ डिसेंबर, बेळगाव

सुट्टी होती. आज सांगायचंच असं ठरवून एकटा गेलो होतो.

आई ओसरीवर आप्पांची धोतरं फाडून दुपटी शिवत होती. मी शेजारी बसलो. सुरुवात कशी करायची ते गाडीत पाठ केलं होतं.

तीच बोलायला लागली. "मादेवा, माझ्या लग्नाला छप्पन वर्सं झाली. मी तेना एकदाबी नावानं हाक मारली न्हाय. अहो बी म्हणायला लाजायची पयल्यांदा. शेतात लांब असले की भांडं वाजवायची. आता बघ." तिने सुई धोतरात टोचून ठेवली, मान वर केली आणि चक्क आवाज काढला. "जोतिबाऽ, ए जोतिबाऽ, ये रं जेवाय!" मग तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. माझी आई, सत्तरीच्या पुढची, लहान मुलीसारखी हसत होती.

आतून मंगल बाहेर आली होती, बहुतेक आवाज ऐकून. चौकटीला धरून उभी राहिली. हसली नाही. वळून आत गेली.

मी चहा प्यालो आणि परत आलो. कुणाकुणाला वाचवावं ते कळत नाही. पूर्णिमा आज माझ्याशी कामापुरतंच बोलली.

९ जानेवारी

खानापूरच्या दवाखान्यात पहाटे मंगल बाळंत झाली. मुलगी. तीन किलोला थोडी कमी. दोघी सुखरूप.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मुलगी म्हणजे प्रश्न आपोआप मिटला, काही सांगायलाच नको. दुपारी पोहोचलो तर आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. "जिवाला काय बाई न् बाप्या?" म्हणाली. "जोती नाव ठेवायचं." युवराज मान हलवत होता. मंगलने भिंतीकडे तोंड केलं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडते आहे, पण बाळंतिणीला येतं तसं रडू, असं सगळ्यांनी धरलं.

बाळाला मी पाच मिनिटं घेतलं. पाऊल हातात धरून बघितलं, एक पडताळा म्हणून. मुठीच्या कडेपेक्षा लहान भरलं. कपाळावर एक आठी आहे, आप्पांना पेपर वाचताना पडायची तशी. नव्या बाळांच्या कपाळावर अशा आठ्या असतात, हेही इथे लिहून ठेवतो.

१२ जानेवारी, गाव

सांगितलं.

मंगलला घरी आणलं आहे. कालपासून ती बाळाला पाजते तेवढंच. बाकी वेळ बाळ आईकडे. दूध कमी येतंय म्हणाली पूर्णिमा. "आज तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलते," असंही म्हणाली. ती हे सहज म्हणत नाही.

आई मागच्या चुलीवर बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवत होती. मी तिच्या पुढ्यात बसलो आणि पाठ केलेलं सगळं विसरून म्हणालो, "आई, ते पाऊल मी काढलंय."

"कंचं पाऊल?"

"पिठातलं. आप्पांच्या जागेवरचं. सगळे सावडून यायच्या आधी."

तिने चुलीत लाकूड सरकवलं. मग काटकीने थोडी राख बाहेर ओढली आणि हाताने सपाट केली. "दाव."

मी मूठ टेकली. पाच ठिपके दिले. तिने वाकून बघितलं.

"मीच शिकीवलतं न्हवं हे?"

"व्हय."

"आणि तू काढायच्या आधी? पीठ कसं हुतं?"

"सपाट."

"काय म्हंजे कायच न्हाय?"

"काय न्हाय, आई."

पाणी उकळायला लागलं, तरी ती उठली नाही. "छप्पन वर्सं भांडले रं मी तेंच्याशी," ती म्हणाली. "तेनी म्हणायचे, मनू, मी मेलो की मेलो. मागनं कुठं हुडकत फिरू नगं. मी म्हणायची, असं अभद्र बोलू नका. खरं बोलत हुते तर." तिने पदराने डोळे पुसले. चूल धुराची आहे, पण आज धूर नव्हता. मला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. बसून राहिलो.

मग तिने राखेवरून हात फिरवला, पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "उठ. पोरीची आंघोळ व्हायची हाय."

खोलीत गेल्यावर तिने बाळ उचलून मंगलच्या मांडीवर ठेवलं. "मंगल, नाव तुझ्या मनातलं ठेव गं. ते जोतीबिती ऱ्हाऊ दे. पिठातलं पाऊल मादेवानं काढलंतं, खुळ्यानं." मंगलने माझ्याकडे बघितलं. तिला रागवायचा पूर्ण हक्क होता आणि मी त्याची वाट बघत होतो. पण तिने बाळाचं दुपटं सोडलं, दोन्ही पाय, दोन्ही हात, पोट, पाठ सगळं नीट बघितलं, जणू आजच जन्मलं आहे. दिवसभर मग खाली ठेवलं नाही.

१३ जानेवारी, गाव

आई तशी बरी आहे. दुपारी जेवली. संध्याकाळी तेलाची वाटी आणि वात घेऊन निघाली. मी कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "देवळात. सोयर हाय तर हाय. चल येतोस तर."

मी पायरीवर बसलो, आत जात नाही. तिने समई पुसली, वात घातली, दिवा लावला. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. गुडघे दुखतात तिचे, बसायला वेळ लागला.

मी विचारलं, "आई, देवाचा राग न्हाय आला?"

"तेनं कवा सांगितलतं पाऊल उमटीवतो म्हणून? ते तू उमटीवलंस." मग म्हणाली, "तुझा आलता. सकाळपतोर हुता."

"आणि आता?"

"आता काय. तुझे आप्पा पुढं काय न्हाय असं समजून दिवा लावायचे. मला वाटायचं, कायच मिळायचं न्हाय तर हा माणूस कशासाठी येतोय हितं रोज? आता मी बी तसाच लावून बघणार. जमतंय काय बघू."

मी तिला विचारणार होतो की काही मिळणार नसेल तर खरंच कशासाठी. विचारलं नाही. तिलाही अजून माहीत नसावं. आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो.

एकंदरीत काम नीट झालं. मंगलचं बाळ मंगलला मिळालं. आईला सत्य सोसलं. मी उगाच दोन महिने घाबरलो. पूर्णिमाला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, मला काय झालंय?

२० जानेवारी, गाव

आज बारसं झालं. नाव तन्वी. मंगलने पाळण्याला हात धरून स्वतः सांगितलं, भावकीतल्या एका आत्याबाईंनी कानात 'कुर्र' केलं. आई पुढे बसली होती. तिने पाळणा हलवला, मुलीला मंगलची पोर म्हणाली. एकदाही चुकली नाही.

जेवणं अंगणात मांडवाखाली. पहिली पंगत बसली तेव्हा मंगलला पूर्णिमाने ओढून जेवायला नेलं आणि बाळापाशी मला बसवलं. माजघरात पाळणा. बाहेर वाढपाचा गलका, आत मी आणि ती. ती जागी होती. वर बघत होती, कपाळावर ती आठी.

मी तिला उचललं. मान सांभाळून घेतली, येतं मला. भिंतीला टेकून बसलो. बसल्यावर ध्यानात आलं की ही तीच भिंत. पुढचं कसं झालं ते लिहितो आहे, कारण आजवर या वहीत सगळं लिहिलं आहे.

मी तिला म्हणालो, "आप्पा, मी मडकं धरलं न्हाय."

ती माझ्याकडे बघत होती. निदान माझ्या दिशेने बघत होती. मला माहीत आहे, या वयात त्यांना वीतभराच्या पलीकडचं स्पष्ट दिसत नाही. मी वीतभरावर होतो.

"सगळे बघत हुते. युवराजचा खांदा दुखत हुता, तरी तेनं घेतलं. तुमी म्हणायचा, कोण पेटीवतंय तेला किंमत न्हाय. म्हणून मी मागं ऱ्हायलो. खरं सांगा आप्पा, किंमत न्हवती? का माझी वाट बघितलासा?"

तिने जांभई दिली. मी थांबलो. मी खरोखरच थांबलो होतो, उत्तरासाठी. किती वेळ ते सांगता येणार नाही.

दारात कुणीतरी आहे असं वाटून वर बघितलं. मंगल होती. जेवण अर्ध्यावर टाकून आलेली, उष्टा हात बाजूला धरलेला. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुमी पण व्हय, भावजी?" ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. दोन महिने ज्याच्यामुळे तिची झोप गेली आणि ज्याने सांगून टाकलं म्हणून ती बाळंतिणीच्या खोलीतूनही मला आठवणीने गरम चहा पाठवत होती, तो माणूस तिचं बाळ घेऊन भिंतीला टेकून बसला होता. तिने हात पदराला पुसला आणि दोन्ही हात पुढे केले. मी तन्वीला तिच्याकडे दिलं. तिने तिला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मागच्या दाराने बाहेर पडलो. खळ्यापाशी मळणी झालेल्या पेंढ्याची गंजी आहे, तिच्या आड गेलो आणि रडलो. आवाज येऊ नये म्हणून सदरा तोंडात धरला. आप्पा गेले त्याला आज पासष्ट दिवस झाले.

पूर्णिमा शोधत आली.

"आप्पा कुठंच न्हाईत गं," मी म्हणालो. शाळेची भाषा बोलताच येईना.

"न्हाईत," ती म्हणाली, आणि नव्या साडीसकट तिथेच मातीत माझ्याजवळ बसली.